बाथरूममधला वर्ग

माझा मुलगा चौथीतले आठ दिवस बाथरूममध्ये लपून शिकला. कमोडचं झाकण खाली, त्यावर उशी, उशीवर मुलगा आणि समोर वॉशिंग मशीनवर टॅब. ही व्यवस्था मी केली होती. का केली, ते मी बायकोलाही कधी धड सांगितलं नाही. तिला जे कळलं ते तिचं तिनेच कळून घेतलं. मी मुळात कमी बोलणारा माणूस. ऑफिसात लोक मला सज्जन समजतात ते त्याच्याच जोरावर.

तेव्हा आम्ही अबुधाबीच्या बाहेर, मोहम्मद बिन झायद सिटीत राहत होतो. व्हिला म्हटलं की गावाकडे लोकांच्या डोळ्यांसमोर कारंजं येतं. आमच्या व्हिलाचे मालकाने जिप्समच्या भिंती घालून सहा तुकडे केले होते आणि एका तुकड्यात आम्ही तिघं होतो. शेजारच्या तुकड्यात साताऱ्याकडचा एक साइट सुपरवायझर, त्याची बायको आणि मुलगी. दोन्ही घरांच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच हातभर रुंद डक्टमध्ये, म्हणजे पाइप जाणाऱ्या उभ्या बोळात उघडायच्या. त्यांच्याकडे कोणता साबण आहे हे आम्हाला माहीत होतं. आमच्याकडे कोण किती वेळ आत बसतं हे त्यांना.

त्याची मुलगी आणि माझा मुलगा एकाच शाळेत, एकाच वर्गात होते. शाळा भारतीय, खासगी. फी एका टर्मची बत्तीसशे दिरहम, म्हणजे चौसष्ट हजार रुपये. इथे आम्ही प्रत्येक रक्कम दोनदा म्हणतो. माझ्या मुलाची फी माझी कंपनी द्यायची. शेजारी स्वतःच्या पगारातून भरायचा. गावाकडे तीन वर्षं नुसते खांब उभे असलेलं घर आणि इथे इंग्रजी शाळेतली मुलगी, यांत त्याने मुलगी आधी धरली होती.

मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. एप्रिलमध्ये नवं वर्ष टॅबवर सुरू झालं आणि फीची नोटीस आली. फी पूर्ण. फक्त बसचे पैसे माफ. म्हणजे जी बस आलीच नाही तिचे पैसे घेणार नाही, एवढं मोठं मन शाळेने दाखवलं. स्विमिंग पूल, लॅब, वाचनालय, ‘अॅक्टिव्हिटी’ यांचे मात्र घेणार. आमचा मुलगा त्या काळात आंघोळीलाही तयार नव्हता, आणि आम्ही त्याच्या पोहण्याचे पैसे भरायचे!

शाळेतल्या आम्हा मराठी बापांचा अकरा जणांचा एक ग्रुप होता. काढला होता गणपतीच्या वर्गणीसाठी. नंतर त्यात गुड मॉर्निंग, गुळवेल आणि काढ्यांच्या पाककृती येत. त्या ग्रुपला अचानक वाचा फुटली. ‘लूट आहे ही.’ ‘बाप आहोत की एटीएम?’ एकाने लिहिलं, ‘कुणीच भरायची नाही. अकरा जणांच्या पोरांना काढतील का?’ मग मसुदा कुणी लिहायचा असा प्रश्न आला, आणि मी आयुष्यभर कंपनीची काँट्रॅक्टची पत्रं लिहीत आल्यामुळे तो माझ्याकडे आला. मी इंग्रजीत झक्क पान लिहिलं. शाळा तीस टक्के कमी करत नाही तोवर आम्हा अकरापैकी कोणीही फी भरणार नाही. खाली अकरा अंगठे उमटले. मला, खोटं कशाला बोलू, छान वाटलं. पंचेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा पुढारी झालो होतो.

मंगळवारी संध्याकाळी शेजारी दारात आला. मास्क, हातात लिफाफा, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे दोन हात लांब उभा.

“साहेब, बत्तीसशे आहेत. तुमच्या कार्डावरनं भरून टाका की माझीबी. मला ते ऑनलाइन जमत न्हाई.”

“अरे, पण आपण ठरवलंय ना?” मी म्हणालो. “ग्रुपवर वाचलं नाहीस?”

“वाचलं. अंगठापण दिला. पण पोरीचं काही अडणार न्हाई न्हवं?”

“अकरा जण आहोत आपण. एकजूट म्हणजे एकजूट.”

तो लिफाफ्याकडे बघत राहिला. “मग हे घरात ठिवत न्हाई मी. घरात राहिले तर जात्यात. गावाला स्लॅब अडलाय, तिकडं पाठवू? शाळेनं कमी केली की पुढच्या पगारातनं भरंन.”

“बिनधास्त पाठव,” मी म्हणालो.

“परवा बिस्तरवारी जातो मग एक्स्चेंजला, पैसे पाठवायला. सुट्टी लवकर आहे.”

गुरुवारी दुपारी माझ्या कंपनीचा ईमेल आला. पगारात कपात, आणि शाळेचा भत्ता पुढच्या टर्मपासून बंद. चालू टर्मची पावती ज्यांना द्यायची असेल त्यांनी आज कामकाज संपण्याआधी द्यावी, नंतर खलास.

मी ईमेल दोनदा वाचला. मग शाळेची साइट उघडली आणि चार वाजता फी भरली. पूर्ण, स्विमिंग पूलसकट. चार वाजून दहा मिनिटांनी पावती कंपनीला पाठवली. माझ्या मसुद्यातलं शेवटचं वाक्य मला तोंडपाठ होतं, पण त्या दहा मिनिटांत ते एकदाही आठवलं नाही. माणसाची स्मरणशक्ती किती समजूतदार असते!

साडेपाचला बेल वाजली. शेजारी, कामाच्या बुटांत.

“निघालो एक्स्चेंजला. म्हटलं एकदा विचारून जावं. जाऊ न्हवं?”

इथे मी थांबतो जरा. कारण हेच सांगायला मी लिहायला बसलोय, बाकीचं सगळं सजावट आहे. मला फक्त ‘थांब’ म्हणायचं होतं. ‘मी भरली रे, तूही भर.’ एवढंच. त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या, किंवा त्याही नसत्या दिल्या. पण मी ग्रुपचा पुढारी होतो आणि दीड तासापूर्वी फुटलेलो होतो, आणि ते त्याच्या तोंडावर म्हणण्याची मला लाज वाटली.

“जा,” मी म्हणालो. “आठच्या आत परत ये पण. नंतर बाहेर पडायला बंदी आहे.”

त्याच्या सुरक्षिततेची काळजीही घेतली मी.

दोन आठवड्यांनी त्याच्या कंपनीने निम्म्या लोकांना बिनपगारी घरी बसवलं. त्यात तो. लिफाफ्यातले पैसे गावाकडच्या स्लॅबमध्ये जिरले होते. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी त्याच्या मुलीचं लॉगिन उघडेना.

तो धावत आमच्याकडे आला. “दादा, तिचं बंद झालंय. ‘फी बाकी’ म्हणून लाल अक्षरात येतंय. तुमचं चालू हाय का?” संकटात मी साहेबाचा दादा झालो होतो.

आत हॉलमध्ये माझा मुलगा हेडफोन लावून वर्गात बसलेला होता. मी दार निम्मं ओढून घेतलं.

“आमचंही गेलं,” मी म्हणालो.

हे मी ठरवून बोललो नाही. तोंडातून आपोआप बाहेर आलं. म्हणजे आत तयारच असणार.

“मग बरं,” तो म्हणाला, आणि खरंच त्याचा चेहरा सैल झाला. “म्हंजे समद्यांचंच. मला वाटलं माझंच.”

समद्यांचं नव्हतंच. नंतर हळूहळू कळलं की अकरापैकी दहा जणांनी फी भरली होती. कुणी कंपनीमुळे, कुणी बायकोमुळे, एकाने तर मसुद्यावर अंगठा द्यायच्या आदल्या दिवशीच. सगळ्यांनी गुपचूप. ग्रुपवर मात्र ‘लढेंगे’ चालू होतं. शब्दाला जागला तो फक्त लिफाफेवाला.

आता माझा प्रश्न असा होता की लॉगिन गेलेल्या घरातून सकाळी आठला ‘गुड मॉर्निंग मॅम’ ऐकू येता कामा नये. हॉलची भिंत त्यांच्या हॉलला लागून. बेडरूमची त्यांच्या किचनला. बाथरूमच्या भिंतींना तरी फरशा होत्या, आवाज अडेल असं वाटलं. डक्ट मला आठवलाच नाही. बांधकामाच्या काँट्रॅक्टिंग कंपनीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला डक्ट आठवला नाही!

“बाबा, व्हाय अॅम आय इन द बाथरूम?”

“तिथे नेटवर्क चांगलं आहे.”

“राउटर तर हॉलमध्ये आहे.”

“बस म्हटलं ना! आणि हळू बोल.”

बायको दारात उभी राहून बघत होती. “अहो, हे काय चाललंय?” तिने विचारलं. मी म्हणालो, “थोडे दिवस.” ती मुलाकडे बघून म्हणाली, “तुझे बाबा लपताहेत, आणि बसवलंय तुला.” नंतर आठ दिवस ती चहा माझ्यासमोर आदळायची.

तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेने विचारलं, तुझ्या मागे गीझर का आहे? मुलगा म्हणाला, “इट्स अ व्हर्च्युअल बॅकग्राउंड, मॅम.” मी दाराबाहेर उभा होतो. तो इतका सहज खोटं बोलला की मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच दमात घाम फुटला.

आठव्या दिवशी संध्याकाळी शेजारी आला. हातात मुलीची गणिताची वही. दोन हात लांब उभा.

“दादा, राग मानू नका. एक काम हुतं.”

“बोल ना.”

“उद्यापास्नं पोराला जरा मोठ्यानं लावायला सांगता का? हिला गणिताचं नीट ऐकू येत न्हाई.”

त्याने वही उघडून माझ्याकडे धरली. आठ दिवसांचा वर्ग त्यात होता. डक्टच्या खिडकीखाली उलटी बादली, तिच्यावर मुलगी बसायची आणि लिहून घ्यायची. अपूर्णांक, पृथ्वीचे थर, इंग्रजीची स्पेलिंगं. माझ्या मुलाने दिलेली चुकीची उत्तरंही होती, त्यांच्यावर काट मारलेली. मध्येमध्ये एक-दोन ओळी कोऱ्या, आणि तिथे कंसात इंग्रजीत लिहिलेलं: फ्लश.

“इथं बघा,” तो हसत म्हणाला. “सकाळी साडेआठला तुमच्याकडं कोन जातंय? बेरजेचा अर्धा नियमच गेला वाहून.”

मीच जायचो, मुलाला टॅबसकट दाराबाहेर उभा करून. घरात बाथरूम एकच.

“अरे, ते काय झालं,” मी सुरू केलं, “आमचं मध्येच परत चालू...”

“असंल, असंल,” तो म्हणाला. “तुम्ही भरली ते बरंच केलंत. समदेच भरत्यात शेवटी. माझंच टायमिंग चुकलं. आता भरायला हायेत कुठं?”

त्याला वाटत होतं की मीही थकून, घाबरून, त्याच्यानंतर कधीतरी भरली असणार. मी तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या दिवसापासून टॅब खिडकीच्या कट्ट्यावर, आवाज पूर्ण. मी आठच्या आत उरकायला लागलो. मुलगा प्रत्येक उत्तर ओरडून द्यायचा आणि वर्गशिक्षिका म्हणायची, “नो नीड टु शाउट.” डक्टमधून कधीकधी बारीक आवाज यायचा, “सेव्हन बाय टू, इडियट,” आणि मुलगा उत्तर दुरुस्त करायचा.

एवढ्यावर हे सगळं गोड करून टाकता आलं असतं. पण डक्टमधून परीक्षा देता येत नाही. जूनमध्ये परीक्षा होती आणि शाळेचं म्हणणं, आधी टर्म पूर्ण भरा. कंपनीचे बत्तीसशे माझ्या खात्यात आले होते. मी एका संध्याकाळी ठरवलं की आपण भरू तिची, न सांगता. शाळेची साइट उघडली, तिचा शाळेतला नंबर टाकला. बत्तीसशे दिरहम. मग सवयीने मनात म्हणालो, म्हणजे चौसष्ट हजार रुपये. तिथे हात थांबला. दिरहमांत मी बऱ्यापैकी उदार माणूस आहे. रुपयांत मला लगेच माझ्या पगारातली कपात, सासऱ्यांचा मोतीबिंदू, पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता हे सगळं एका रांगेत दिसतं. ‘उद्या बघू’ म्हणून मी साइट बंद केली. इन्शाल्लासुद्धा म्हटलं असेल.

जुलैमध्ये मायलेकी विमानात जागा मिळाली तशा गावी गेल्या. तो मुसफात मजुरांच्या कॅम्पमध्ये राहायला गेला. मुलगी तालुक्याच्या शाळेत चौथीला बसली. जाताना ती माझ्या मुलाला ती वही देऊन गेली, कारण त्याची स्वतःची कोरी होती.

तो अजून इथेच आहे, दुसऱ्या कंपनीत. दर दिवाळीला कॅम्पमधून बसने आमच्याकडे येतो. मुलगी आता मोठी झाली, इंग्रजी तेवढं तिला जड जातं, असं तो दर वर्षी सांगतो, आणि दर वर्षी वर म्हणतो, “पण अपूर्णांक पक्के हायेत. दादांच्या बाथरूमची कृपा.” सगळे हसतात. मीही हसायचो.

या दिवाळीला तो तसंच म्हणाला, बायको हसली, मुलगा हसला, आणि मी म्हणालो, “मी त्याच दिवशी भरली होती.”

“काय?”

“फी. तू एक्स्चेंजला गेलास त्याच दिवशी.”

चकली त्याच्या हातात होती. ती त्याने बशीत ठेवली.

“किती वाजता?”

मला वाटलं होतं तो ‘का’ विचारेल. ‘का’ची उत्तरं माझ्याकडे बरीच तयार होती.

“चार वाजता,” मी म्हणालो.

“साडेपाचला मी तुमच्या दारात हुतो,” तो म्हणाला. “विचारलं हुतं.”

“हो.”

“तुम्ही जा म्हणला.”

“हो.”

मग त्याने चहा संपवला, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. मुलगा एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. शेजारी उठला, दारात बसून बूट घातले, दोन्ही नाड्या बांधल्या. दर वर्षी मी त्याला बसस्टॉपपर्यंत गाडीने सोडतो. मी किल्ली उचलली तेव्हा तो बायकोकडे वळून म्हणाला, “वहिनी, चकली झकास झाली हुती. येतो.”

आणि जिन्याने खाली गेला. मी किल्ली हातात घेऊन उभा राहिलो. बायको म्हणाली, “ठेवा ती.”