जेरेनियमचा कौल

देवीने मला फसवलं. ठरला होता एक माल, हातात पडला दुसरा, आणि वर माझ्या घरात आधीपासून होता तो मालही गेला. सरळ लिहितोय, गोल गोल बोलायची मला सवय नाही.

तुम्ही म्हणाल, माणूस देवभोळा दिसतो. अजिबात नाही! मी कोल्हापूरचा, उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये लेथवर हात काळे करून वर आलेला. असल्या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचले. आज स्वतःच लिहायला बसलोय, हसायचं असेल तर हसा.

राहतो जर्मनीत, स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात. स्पोर्ट्स कारचा मोठा कारखाना आहे तोच हा. एस-बानच्या रुळांकडे तोंड करून असलेली तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनी आमची. धंदा जुन्या मशिन्सचा. इकडचे म्हातारे वर्कशॉप बंद करतात, मी त्यांचे लेथ, मिलिंग मशिन घासाघीस करून घेतो आणि भारतात पाठवतो. इथले श्वाबेन लोक घासाघिशीत कोणाला ऐकत नाहीत म्हणतात. मला विचारा... मी त्यांच्याकडून मशिनही घेतलंय आणि निघताना वर केकचा तुकडाही.

घरी बायको मेधा आणि मुलगी ईरा. ईरा सोळा वर्षांची, जन्म इथलाच. तिला मराठी सगळं कळायचं. मी मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची.

"ईरा, जेवलीस का गं?"

"या, पापा. शोन लांगं."

म्हणजे हो, केव्हाच. बास. एवढंच आमचं संभाषण. मेधा म्हणायची, "अहो, कळतंय ना तिला? पुष्कळ झालं." मला पुष्कळ होत नव्हतं. माझ्या आईशी फोनवर ही पोर "हॅलो आजी" च्या पुढे कधी गेली नव्हती.

आम्हाला बांधून ठेवणारी एकच गोष्ट होती, अमेरिकन फुटबॉल. ती इथल्या क्लबात फ्लॅग फुटबॉल खेळते. तिच्यामुळे मी रविवारी संध्याकाळी टीव्हीपुढे बसायला लागलो आणि या खेळात पार अडकलो. हा खेळ म्हणजे सौदाच हो! चार प्रयत्नांत दहा यार्ड. एकेक इंचासाठी घासाघीस. पटलं नाही तर बॉल दुसऱ्याच्या हातात.

आमचा एक रिवाज पडला होता. दर ऑगस्टमध्ये, सीझन सुरू व्हायच्या आधी, बाल्कनीत बसून दोघांनी भाकितं करायची. लीगमध्ये आठ गट. प्रत्येक गटात कोण पुढे असेल ते बोलून टाकायचं, आणि शाळेला शरद ऋतूची सुट्टी लागली की निकाल बघायचा. जानेवारीपर्यंत थांबायचा धीर दोघांकडेही नाही.

पैज भाषेची. ती जिंकली की पुढच्या ऑगस्टपर्यंत मी तिच्याशी जर्मनमध्ये बोलायचं. मी जिंकलो तर तिने माझ्याशी मराठीत. हरायचो मीच, दर वर्षी, आणि महिनाभर कसंबसं जर्मन रेटून परत मराठीवर यायचो. माझं जर्मन मशिन घेण्यापुरतं आहे हो... त्यात पोरीला जवळ कसं घेणार? मी तोंड उघडलं की ती हसायची, आणि तिच्या मैत्रिणी आल्या की मी आपला किचनमध्ये.

गेल्या ऑगस्टमध्ये सासूबाई आल्या. तीन महिन्यांचा व्हिसा. सोबत हँडबॅगेत, सुती साडीत गुंडाळून, त्यांच्या माहेरची देवी. मालवणकडच्या त्यांच्या माहेरी आता दिवा लावायला कोणी उरलं नाही, म्हणून देवी डोंबिवलीला त्यांच्याकडे. आणि त्या इकडे येणार तर मागे पूजा कोण करणार? म्हणून देवी त्सुफेनहाउझेनला. वीतभर उंचीची काळी मूर्ती. आमच्या फ्रीजशेजारच्या कपाटावर बसली.

एकदा चहा घेताना त्या सांगत होत्या, गावी कौल कसा लावतात. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. ईरा मोबाईलमधून डोकं न काढता जर्मनमध्ये म्हणाली, "म्हणजे कॉइन टॉस." आम्ही सगळे हसलो. सासूबाई सोडून.

पण माझ्या डोक्यात ते बसलं.

शनिवारी सकाळी मेधा आणि सासूबाई भाजीबाजाराला गेल्या, ईरा प्रॅक्टिसला. मी बाल्कनीतल्या जेरेनियमच्या लाल पाकळ्या तोडल्या, भिजवल्या, देवीला चिकटवल्या. विश्वास? शून्य! पण हरून हरून माणूस टेकीला येतो. हात जोडले आणि व्यवहाराचं बोललो.

"देवी, मला ही पैज जिंकून दे. माझी पोर मराठीत बोलली पाहिजे. बदल्यात तुला नथ."

मग वाटलं, पहिलीच बोली जास्त झाली. म्हटलं, "नथ नको, साडी-चोळी आणि नारळ. फायनल."

आणि एकेक संघाचं गाव विचारत गेलो. डेट्रॉइट? शिकागो? बफेलो? उजवीकडची पाकळी पडायची किंवा डावीकडची पडायची, परत भिजवून चिकटवायची. खिडक्या बंद होत्या, पंखा आमच्याकडे नाहीच. एका गटात तर तिने फ्लोरिडाचा असा संघ काढला, की तो पुढे राहील असं शुद्धीवरचा माणूस म्हणणार नाही. बॉल फेकणाऱ्याला सांभाळणारी त्यांची फळी, ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे नुसती चाळण. मी पुन्हा विचारलं. पुन्हा उजवी. म्हटलं, बरं बाई, तुझी मर्जी.

संध्याकाळी बाल्कनीत मी ती नावं बोललो तेव्हा ईरा खुर्चीवरून पडायची बाकी होती.

"पापा! फ्लोरिडा? बिस्ट दू क्रांक?" आजारी आहेस का?

"बघशील."

"आल्झो गूट, चल, ठरलं. पण हरलास की मैत्रिणींसमोरसुद्धा जर्मन बोलायचं." हेही जर्मनमध्येच.

पुढे काय झालं ते सांगायला नको. एकेक रविवार जात राहिला आणि पोरगी गप्प होत गेली. फ्लोरिडाच्या संघाने पहिला सामना जिंकला तेव्हा "नशीब" म्हणाली. नंतर नंतर माझ्याकडे संशयाने बघायला लागली. सुट्टी लागली त्या दिवशी आम्ही मोबाईलवर गुणतक्ता उघडला — आठही गट माझे. माझे म्हणजे... तिचे. कपाटावरचीचे.

साडी-चोळी आणि नारळ मी त्याच दिवशी देवीपुढे ठेवला. हे नीट लक्षात ठेवा. मी माझी बाजू पाळली. सासूबाईंना सांगितलं, पैज जिंकलो म्हणून देवीला. त्या खूश.

ईरा शब्दाची पक्की. दुसऱ्याच दिवशी सुरुवात. "पापा, मी... आज... प्रॅक्टिस जाते. तू येणार बघायला?" अहो, काय सांगू! मी गाडीत बसून रडलो. असा दिवस मी किती वर्षं मागत होतो. दोन-तीन दिवस असे गेले. आईला फोन लावला तर ईरा तिला म्हणाली, "आजी, तुझा गुडघा कसा आहे?" तिकडे आईने तिच्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं.

मग एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसत होतो. सासूबाई आमटी वाढत होत्या. ईरा बाथरूममधून आली, त्यांच्या मागे उभी राहिली, आणि त्यांचा अंबाडा हातात घेऊन म्हणाली,

"सुंगटा, केस कोणी बांधल्यान गो तुझे? हयसर ये."

एका दमात, अडखळ नाही. सासूबाईंच्या हातातली पळी आमटीत पडली.

मी हसलो. म्हटलं, "काय आई, मालवणी शिकवताय नातीला?"

त्यांनी पदराला हात पुसले. मग अगदी हळू म्हणाल्या, "दिलीपराव, लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हापासून मी मालवणी बोललेले नाही. मेधालासुद्धा येत नाही. आणि सुंगटा... मला फक्त ताई म्हणायची. मी लहानपणी अंग मुडपून झोपायचे, कोळंबीसारखी. म्हणून."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. ईराच्या वयाची असताना तापाने गेली. घरातल्या देवीची पूजा तीच करायची. मेधाने हे नावसुद्धा कधी ऐकलेलं नव्हतं.

मी ईराला विचारलं, "काय बोललीस तू आत्ता?"

तिने माझ्याकडे बघितलं. ओळखीचं माणूस बघतो तसं नाही... दारात आलेल्या माणसाकडे बघतात तसं. आणि अदबीने खुर्ची पुढे सरकवली.

"पावण्यांनू, बसा मा. उभे कित्याक?"

माझ्याच घरात, माझ्याच पोरीने मला पाहुणा म्हटलं.

मी ओरडलो. माझा आवाज चढतो, सगळ्यांना माहितीये. त्याबरोबर ती दचकली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "ओरडतोस कशाला? मराठीच तर बोलतेय. ठरलंय ना आपलं?" तिला खरोखर वाटत होतं, ती आमचंच मराठी बोलतेय.

त्या संध्याकाळी मी कौलाचं सांगून टाकलं. मेधा माझ्याशी बोलायची बंद झाली. सासूबाई मात्र चिडल्या नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं.

"दिलीपराव, तुम्ही कोणाच्या देवीला विचारलंत? ती माझ्या माहेरची. तिला तुमच्या घरची बोली कुठून येणार? तिच्याकडे जी होती ती तिने दिली."

"असं चालतं का?" मी म्हटलं. "मी लेथ मागितला आणि समोरच्याने घरात होतं म्हणून शिलाई मशिन दिलं, तर मी घेईन?"

"परत कसं करणार?" त्या म्हणाल्या.

पुढे त्या जाईपर्यंत हे असंच. शाळेत जर्मन, क्लबात जर्मन, घरी मालवणी. सासूबाई आधी घाबरायच्या, मग हळूहळू तिच्यापुढे केस मोकळे सोडून बसायला लागल्या. ईरा विंचरायची. त्या डोळे मिटून घ्यायच्या. मी किचनच्या दारातून बघायचो. कोणाला काही म्हणायची सोय नव्हती, कारण म्हातारी इतकी सुखात मी कधी बघितली नव्हती.

नोव्हेंबरात आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं. देवी परत हँडबॅगेत, मी दिलेल्या साडीत गुंडाळलेली. सिक्युरिटीच्या दारापाशी ईराने त्यांना मिठी मारली आणि म्हणाली,

"येतंय गो, सुंगटा."

येते म्हणाली. निघणारं माणूस म्हणतं तसं. निघत सासूबाई होत्या.

परत येताना गाडीत मी विचारलं, "ईरा, भूक लागली का?"

"वास?"

म्हणजे 'काय?' वाटलं, कानात हेडफोन असतील. नव्हते. पुन्हा विचारलं. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली, मग मेधाकडे. "ममा, पापा काय म्हणतोय?" जर्मनमध्ये.

तेव्हापासून माझ्या मुलीला मराठी कळत नाही. बोलायचं राहूच दे — कळत नाही. पाणी, जेवण, इकडे ये, काही नाही. मालवणीही त्या दिवसापासून बंद. फोनवर आजी बोलली की ती फोन माझ्या हातात देते. डॉक्टर झाले, कान नीट आहेत, डोकं नीट आहे. "ताण असेल," म्हणाले. शाळेत मार्क उत्तम. तिला स्वतःला आठवतं, की आधी कळायचं. त्यावर ती एकदाच रडली, आणि मी तिला जवळ घेऊन जे बोललो ते माझ्या मोडक्या जर्मनमध्ये. या वेळी ती हसली नाही.

गेल्या आठवड्यात सासूबाईंनी डोंबिवलीत देवीला कौल लावला. व्हिडिओ कॉलवर मी समोर. परत मिळेल का, एवढंच विचारलं. पाकळी ना उजवी पडली, ना डावी. आज सकाळी पुन्हा फोन केला — दोन्ही पाकळ्या सुकून काळ्या झाल्यात, तरी चिकटून आहेत. सासूबाई म्हणतात, थांबा. मेधा म्हणते, तुम्ही आता काही करू नका. हे असं का झालं, ते मला कोणी सांगू शकलेलं नाही.

मी थांबणार नाही. रोज सकाळी फोन लावतो आणि सासूबाईंना सांगतो, मूर्तीसमोर धरा. मग देवीला म्हणतो, साडी ठेव, नारळ ठेव, नथही देतो, या वेळी घासाघीस नाही. पण माझ्या पोरीला माझं बोलणं कळत होतं, ते माझं होतं, ते मी सौद्यात मांडलंच नव्हतं. ते तू कोणत्या हिशोबाने उचललंस? बोल. पाकळी पाड, नाहीतर तोंड उघड, पण मला उत्तर दे.