किममावशी आणि सदऱ्यांची टोपली

तैवानमधल्या ताइनानच्या आमच्या गल्लीत पोर झोपेतून दचकून उठायला लागलं की डॉक्टरच्या आधी भीती उतरवणारी किममावशी आठवते. तांदळाच्या पेल्यावर पोराचा सदरा गुंडाळायचा, उदबत्ती फिरवायची, नाव आणि जन्मतारीख घेऊन भेदरून भटकलेल्या जिवाला म्हणायचं, "घाबरू नकोस, घरी ये." मग टाळूवर हात ठेवायचा. समोरच माझी माशाच्या पेजेची गाडी. जन्मभर हेच बघतेय.

करोना आमच्याकडे उशिरा पसरला, पण पोरांवर उठला. मावशीचा नातू होंगयू थेट व्हेंटिलेटरवर. शेजारची पोरं जरा तापली आणि पुन्हा हुंदडायला लागली, मग हाच का? मावशीने आधी देवीला विचारलं, मग डॉक्टरीणबाईंना.

त्या म्हणाल्या, "काहींच्या रक्तातल्या अँटिबॉडी विषाणूला सोडून शरीराच्याच पहारेकऱ्यांना धरतात. याच्या रक्तात तशा सापडल्यात. घरातल्यांचंही रक्त तपासू."

"म्हणजे द्वारपालांनी घरच्यांनाच बडवायचं? मेले आंधळे!" मावशी माझ्याकडे येऊन करवादली.

धाकटी नात पिनशिन सुई बघताच पलंगाखाली. "अमा, आधी तू!" ती आजीला म्हणाली. मावशी तर सुईला पोरीहून भित्री. तरी आजीच ती, डोळे मिटून हात पुढे केला.

पोरीचं रक्त चांगलं निघालं. मावशीच्या रक्तात मात्र तेच! म्हातारपणी सापडतं म्हणे कधीकधी. नातवाला तुमच्यामुळे झालं असं मुळीच नाही, हे डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं. पण तुम्हाला करोना झाला तर जड जाईल, आता आजारी पोरांना जवळ घ्यायचं नाही.

होंगयू बरा होऊन घरी आला. मावशी मात्र खिडकीशी नुसती बसून राहायची. जेवणावरची वासनाच उडाली.

"अगं, सदरे मागव की!" मी चिडले. "किनमेन बेटावरच्या शिपायाची भीती तू इथे बसून नुसत्या सदऱ्यावरून उतरवलीस ना? त्याच्या टाळूवर कुणाचा हात होता गं?"

"तो लांब होता. ही दारात आलेली लेकरं. हात न लावता परत पाठवू? त्यापेक्षा मेलेली बरी."

"मर मग!" म्हटलं, आणि गाडीवर येऊन रडले.

दुसऱ्या दिवशी पेज घेऊन गेले, तर पिनशिन अंगणात बसलेली. नाक गळतंय, निम्मे तांदूळ जमिनीवर, आणि पेल्यावर मावशीचा फुलाफुलांचा सदरा.

"काय चाललंय गं?"

"अमा घाबरलीये. मला सर्दी झालीये, जवळ जायचं नाही. म्हणून इथूनच." आणि गंभीर तोंडाने म्हणाली, "अमा, घाबरू नकोस. घरी ये."

काचेपलीकडे मावशी ऐकत होती. तोंडावर हात ठेवून ती हमसून हमसून रडली. मी थांबवलं नाही. शेवटी तिने खिडकी बोटभर उघडली.

"तांदूळ सांडू नयेत गं बाळा. आणि जन्मतारीख राहिली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघतेस काय? पेज ठेव तिथे. आणि तुझी ती मोठी टोपली आण, बाहेर टांगू. सदरे त्यात टाकायला सांग सगळ्यांना."