आणि बाकीची पोरं?

त्या दुपारी ओट्यावर मी होते, नातीला मांडीवर घेऊन माझी सून सुशी होती, डाईंग मिलमधला भिका न् त्याचा भाऊ होता, गल्लीतल्या बाया होत्या. मधोमध खाटेवर पोरांना लशीच्या सुया टोचणारी नर्स, इकडं सगळे तिला बेन म्हणजे ताई म्हणतात. भिका तिला उठू देत नव्हता.

पांडेसऱ्याच्या आमच्या गल्लीत ती दर महिन्याला यायची. उंच, दात जरा पुढं, खांद्याला बर्फाची पेटी. बाकीच्या नर्सा टोचून जायच्या. ही दुसऱ्या दिवशी न् पुढच्या हप्त्यात परत यायची. "ताप आला का गं?" आला म्हटलं की लगेच, "आणि बाकीची पोरं?" सुई न घेतलेल्यांच्या दारातसुद्धा जायची.

आम्ही हसायचो. "बेन, जो जेवलाच नाही त्याला पोट दुखतं का विचारता?"

"त्याचंबी दुखत असलं तर जेवणाला कशाला नावं ठेवू?"

पण आमच्यात पोर बरं आहे असं तोंडानं बोलत नाहीत, दृष्ट लागते. "आहे बापडं" म्हणायचं न् पदर आड करायचा. बेनच्या कानावर जायची ती आजारीच पोरं.

त्या दिवशी भिकाच्या पोराला आकडी आली. आदल्या दिवशीच सुई घेतलेली. बायको त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात पळाली, न् इकडं भिका हातात सळई घेऊन उभा.

"सुईनंच झालं का? खरं बोला."

"माहीत नाही," बेन म्हणाली. "त्याच बाटलीतली सुई घेतलेली पोरं कशी आहेत? आणि न घेतलेली?"

कोणी बोलेना. जिचं पोर धडधाकट, तीच खाली बघत होती.

भिकाचा भाऊ म्हणाला, "बघा! सगळ्यांचीच आजारी असतील, म्हणून गप्प."

गावाकडं माझी दोन पोरं गोवरानं गेली. त्यांना मी कधी बरी म्हटलं नव्हतं. तरी गेली.

मी उठले. "माझी नात बरी आहे. त्याच बाटलीतली सुई."

"आत्या, काय बोलता!" सुशीनं पोरगी पदराखाली घेतली.

मग दुसरी बोलली, माझंबी बरं आहे. मग तिसरी. मग मागून एकजण रडतच म्हणाली, "माझ्या पोरानं सुई घेतलीच नाही, बेन. तो तापलाय. सकाळी त्यालाबी आकडी आली."

"आधी त्याला दवाखान्यात ने," बेन म्हणाली. मग भिकाकडं वळली. "एवढ्यानं सुईवरचा आळ गेला असं मी म्हणत नाही. वर कळवते. छडा लागेपर्यंत या बाटलीतली सुई कुणाला टोचणार नाही."

भिका हलला नाही. तीही तशीच बसून.

दिवस कलताना त्याची बायको दवाखान्यातून आली. कडेवर पोरगं मोठ्यानं रडत होतं. भिकानं सळई टाकली, बेनची पेटी उचलली न् रस्त्यापर्यंत पोचवली.

पुढं तिची बदली झाली, कडोदऱ्याकडं म्हणे. आता टोचतात न् जातात. परत कोणी येत नाही.

वाचणाऱ्यानं एवढं करा. सुईनंतर कोणी दारात विचारायला आलं, तर पोर बरं असलं तरी सांगा.