हातावर चिकटवलेले नंबर

हाताला काम असलं की मी बरा असतो. रिकामा बसलो की पाय हलत राहतो. बायको ओरडते, "अहो, सगळा पलंग हालून राहिला, थांबवा की तो पाय!" ट्रक, टिप्पर, जेसीबी यांच्यात जीपीएसचे डबे बसवायचं माझं काम. घर नांदेडला, पण आठवड्यातले चार दिवस लातूर, अहमदपूर, उदगीर अशी भटकंती. डबा बसला की मालक घरबसल्या मोबाइलवर बघतो, कुठली गाडी पळून राहिली न् कुठली कुठं उभी हाय. ड्रायव्हर लोकांचा माझ्यावर जीव नाही. केबिनमध्ये शिरलो की एखादा म्हणतोच, "आले बगा चुगलीखोर बसवायला." मी पण सोडत नसे. "चोरी नसंल तर भ्यायचं कामून?" म्हणायचो, आणि वर ठासून सांगायचो, "मशीन खोटं बोलत नसतं."

लातूरला एका शेठच्या गाड्या होत्या. डाळ मिलमधून तूरडाळ भरायची आणि नांदेडला उतरवायची, रोजचा धंदा. बारा ट्रकांना एका दिवसात डबे बसवून द्या म्हणाले. ऊन असं, की केबिनचा पत्रा हात लावू देईना. त्यात शेठ दर अर्ध्या तासानं बाहेर येऊन विचारत होते, "झालं का? गाड्या भरायच्यात माझ्या." मला आधीच घाई, त्यात दुसऱ्यानं घाई केली की माझं डोकं सणकतं.

प्रत्येक डब्यावर पंधरा आकडी नंबराचं स्टिकर असतं. ते काढून फॉर्मवर गाडीच्या नंबरासमोर चिकटवायचं, म्हणजे कुठला डबा कुठल्या गाडीत ते कळतं. नियमानं एक गाडी झाली की लगेच फॉर्म भरायला पाहिजे. पण डॅशबोर्डखाली उताणं पडून, तोंडात वायरी धरून फॉर्म कोण भरतो? आम्ही बसवणारे सगळेच स्टिकर डाव्या हातावर ओळीनं चिकटवतो, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि शेवटी सावलीत बसून ती उतरवून घेतो.

त्या दिवशी घामानं दोन स्टिकरं गळून खाली पडली. एक गळालं असतं तर हरकत नव्हती, उरलेल्या गाडीचं ते, एवढंच. दोन गळाली म्हणून पंचाईत. गाड्याही जोडीच्या, एकाच रंगाच्या, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. पुन्हा दोन्ही केबिनमध्ये घुसायचं, पॅनेल खोलायचं आणि डब्यावरचा नंबर वाचायचा. दहा मिनिटांचं काम. मनात आलंही. पण शेठ चौथ्यांदा बाहेर आले, आणि मी अंदाजानं एक इकडं, एक तिकडं लावून मोकळा झालो.

त्या जोडीतल्या एका गाडीवर एक वयस्क ड्रायव्हर होते. अठरा वर्षं त्याच शेठकडं. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. त्या दिवशी मला त्यांनीच बॅटरी धरून उजेड दाखवला, माठातलं पाणी आणून दिलं. बाकीचे कुरकुरत होते, हे म्हणाले, "बसवा की. माझं काय लपवायचं हाय?"

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. मी नांदेडमध्ये एका जेसीबीवर चढलो होतो.

"साहेब, शेठनं मला काल कामावरून काढलं. तुमच्या मशीनमदी माझी गाडी रोज लोह्यावरून कंधारकडं वळते म्हणे. अर्धा-अर्धा तास उभी दिसते. डिझेल काढून इकतो म्हणले मला, सगळ्यांसमोर. मी कंधारला गेलोच न्हाई हो."

माझ्या एका हातात पाना, दुसऱ्यात फोन. मी काय म्हणालो? "मामा, मशीन खोटं बोलत नसतं."

 मामा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या "बरं"नं माझं सगळं बिघडवलं. जेसीबीचा स्क्रू दोनदा हातातून पडला. चहा मागवला तो तसाच ठेवला. शेवटी मोबाइल काढला आणि त्यावर मामांची गाडी उघडून बघितली. गाडी चालून राहिली होती. लोह्याच्या पुढं, कंधारच्या रस्त्यावर.

मामा तर कालपासून घरी! मी शेठच्या दिवाणजीला फोन लावला. "ती गाडी कोण चालवतंय?" तो म्हणाला, "कोण चालवणार? मामाला काढल्यापासून आवारात उभी हाय. चावी माझ्यासमोर खिळ्याला हाय."

 च्यामायला, दोन स्टिकरं. अदलाबदल मीच केली होती.

खरं सांगतो, पहिल्यांदा मनात आलं ते चांगलं नव्हतं. दोन्ही नंबर मोबाइलवरूनच बदलता येत होते. दोन मिनिटं, कुणाला पत्ता लागला नसता. माझं नाव शाबूत राहिलं असतं आणि मामा चोर ते चोरच राहिले असते. बोट त्या बटणावर नेऊन मी मागं घेतलं. मला माझीच किळस आली. जेसीबी अर्धी सोडली, त्या मालकाच्या शिव्या खाल्ल्या आणि मोटरसायकल लातूरकडं काढली. वाटेत कुठं थांबलो नाही. 

शेठ गादीवर बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, हातावरची स्टिकरं, घाम, अंदाज, सगळं. वाटलं, कानाखाली देतील. दिली असती तर बरं वाटलं असतं.

शेठनं विचारलं, "म्हंजे कंधारला जाती ती गाडी कुणाची?"

मी दुसऱ्या गाडीचा नंबर सांगितला. शेठचा चेहरा एकदम सैल पडला. "आस्सं होय! त्या गाडीवर माझा भाचा हाय. त्याची माय राहते तिकडं. जेवायला जात असंल पोरगं."

"शेठ," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढलाच, "मामा थांबले तर डिझेलचोर, अन् भाचा थांबला तर जेवायला?"

"तुम्ही शिकवू नका मला. चूक तुमची हाय."

होतीच.  पण हललो मात्र नाही. म्हणालो, "मामांना आत्ता माझ्यासमोर फोन करा." शेठनं रागानं माझ्याकडं बघितलं आणि लावला. "मशीनमदी गडबड होती. उद्यापासून या." एवढंच. चुकलं वगैरे शब्द नाही. सगळ्यांसमोर चोर म्हणलं होतं, आता गादीवर बसून एकट्यानं फोन.

मी दोन्ही गाड्यांचे पॅनेल खोलले, डब्यांवरचे नंबर वाचले, नोंद दुरुस्त केली. मग मामांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "होतं माणसाकडून. चहा घ्या." चहा प्यालो.

मामा दुसऱ्या दिवशी कामावर गेले. दुपारी त्यांचा फोन आला.

"साहेब, अहमदपूरच्या पुढं गाडी बाजूला लावलो. लघवीला. सांगून ठेवतो."

 "मामा, हे सांगायची काय गरज हाय?"

"तुम्हाला नसंल. मला हाय."

फोन त्यांनी बंद केला नाही. दार उघडल्याचा आवाज आला, मग बाजूनं जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस रस्त्याच्या कडेला उभा होता आणि मी कानाला फोन लावून त्याची वाट बघत होतो. मग पुन्हा दार लागलं, इंजिन चालू झालं.

"निघालो. चारच मिनिटं लागली. बरोबर हाय का?"

"बरोबर हाय, मामा," मी म्हणालो.

"तसं नगं," ते म्हणाले. "बघून सांगा."