इंदुताईंचा जबाब

चोवीस वर्षांच्या नोकरीत इंदुताई दुर्गे यांचा चढलेला आवाज कोणी ऐकला नव्हता. गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या एका तालुक्याच्या गावी तीस खाटांचं सरकारी रुग्णालय आहे. तिथल्या ऑपरेशन थिएटरात त्या परिचर होत्या. फरशी पुसायची, रक्ताचे कपडे धुवायचे, कात्र्या-चिमटे घासून कापडात गुंडाळायचे, ते पत्र्याच्या ड्रममध्ये भरायचे आणि वाफेच्या मशीनमध्ये घालून जंतू मारून काढायचे, हे त्यांचं काम. शिक्षण सातवीपर्यंत. नवरा सोमाजी एस.टी.त कंडक्टर, एकुलती मुलगी हर्षा चंद्रपूरला नर्सिंग शिकायला. बुद्धविहाराच्या मागं दोन खोल्यांचं घर.

नोकरीच्या सुरुवातीला त्यांना काम शिकवलं ते केरळच्या एका म्हाताऱ्या सिस्टरनं. ड्रमवर एक कागदी पट्टी चिकटवतात. तिच्यावर फिकट रेघा असतात. आत वाफ नीट बसली की त्या काळ्याभोर होतात. सिस्टर आपल्या मोडक्या मराठीत सांगायची, "पट्टी काली नाही, तो ड्रम खोलना नाही. कलेक्टर आला तरी नाही." इंदुताईंना इंग्रजी रजिस्टर भरता येत नव्हतं, म्हणून तिनं त्यांना शाळेची एक दोनशे पानी वही आणून दिली. रोजची पट्टी त्यात चिकटवायची आणि खाली तारीख घालायची. सिस्टर निवृत्त होऊन आपल्या मुलखाला गेली, पण वही चालूच राहिली. एक भरली की दुसरी. ती कोणी मागत नव्हतं, पाहतही नव्हतं.

नोकरीच्या चोविसाव्या वर्षी पावसाळा सरता सरता मशीनच्या झाकणाचं रबर गेलं. बाजूनं वाफ सुटायची, काटा वर चढायचा नाही, रेघा करड्याच राहायच्या. इंदुताईंनी इन्चार्ज सिस्टरला सांगितलं, सिस्टरनं रजिस्टरात लिहिलं. दिवाळीआधी पुन्हा लिहिलं. नोव्हेंबरात तिसऱ्यांदा. नागपूरहून कंपनीचा माणूस आला, झाकण वरखाली करून पाहिलं, "पार्ट मागवा लागते" म्हणाला आणि निघून गेला. तोवर दवाखान्याच्या गाडीनं ड्रम दुसऱ्या तालुक्याला पाठवायचे आणि तिथून करून आणायचे, असं चाललं होतं.

डिसेंबरात कुटुंबनियोजनाचं शिबिर लागलं. वर्षाचा आकडा मागं पडला होता, वरून रोज फोन येत होते. सव्वीस बायांची नावं आली. नेमकी त्याच दिवशी गाडी एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन जिल्ह्याला गेली. ड्रम इथल्याच मशीनमध्ये लावावे लागले.

सकाळी व्हरांड्यात बाया रांगेनं बसल्या होत्या. त्यांच्यात येरमेटोल्याची सोमारी होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, गोंडाची पोरगी, तीन लेकरांची माय. गावची आशा कार्यकर्ती सुकरी तिला घेऊन आली होती. इंदुताई तिच्या केसांवर हिरवी टोपी चढवत होत्या, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "बाई, लई दुखते का?"

"इंजेक्शन देतात ना वो. मंग समजत नाई."

"मोहाची फुलं पडाले लागाच्या आधी वाकता येईन ना मले? येचाले घरी दुसरं कोणी नाई."

"येईन. मोहाले अजून दोन-अडीच महिने हायेत," इंदुताई म्हणाल्या, आणि तिच्या कानामागं सुटलेली बट त्यांनी टोपीत सरकवली.

पाऊण तासानं त्यांनी मशीन बंद करून ड्रमवर पाहिलं. रेघा करड्या. इंदुताई तशाच आत गेल्या. वैद्यकीय अधीक्षक डॉ. वासेकर हात धूत होते. आठ वर्षं ते इथं होते आणि दोन डॉक्टरांचं काम एकटे ओढत होते. वाईट माणूस नव्हे. इंदुताईंच्या सासूचं शेवटचं दुखणं त्यांनीच घरी येऊन पाहिलं होतं.

"सर, पट्टी काळी नाई झाली."

"किती वेळ लावलं?"

"पाऊण तास. वाफ सुटून राह्यली बाजूनं."

"अजून अर्धा तास लावा."

अर्ध्या तासानं रेघा मातकट झाल्या, काळ्या नाहीत. बाहेर बाया सकाळपासून उपाशी. दोघींना घेरी आली होती. इंदुताई पुन्हा आत गेल्या. "सर, नाईच होऊन राह्यली."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. "इंदुताई, या बाया तीस-चाळीस किलोमीटरवरून आल्या. आज परत पाठवल्या तर पुन्हा येतील का? अँटिबायोटिक देतोच आहे आपण सगळ्यांना. आणा ड्रम."

इंदुताई मशीनपाशी आल्या. मग त्यांनी पट्टी सोलून वहीत चिकटवली, खाली तारीख घातली आणि ड्रम उचलून आत दिला.

पाचव्या दिवसापासून बाया परत येऊ लागल्या. ताप, टाक्यातून पू. एकूण सहा जणी. सोमारीला सुकरी सगळ्यांत शेवटी घेऊन आली, कारण येरमेटोल्यातून निघायला वाहनच मिळालं नव्हतं. पोट फुगून दगडासारखं झालेलं, डोळे उघडे, पण ओळख नाही. तिला जिल्ह्याला पाठवलं. अँब्युलन्सच्या दारात इंदुताईंनी तिचे पाय आत सरकवले. ते थंडगार होते. गाडी अर्ध्या वाटेवर पोचली आणि सोमारी गेली. बाकीच्या पाच जणी महिनाभर झिजून वाचल्या.

चौकशी लागली. समिती यायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी इंदुताईंना खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली. चोवीस वर्षांत त्या खोलीतल्या खुर्चीवर त्या पहिल्यांदाच बसल्या. टेबलावर रजिस्टर होतं. कोरं करकरीत, एकाच शाईचं. वर्षभराच्या रोजच्या नोंदी, आणि प्रत्येक दिवसापुढं एकच शब्द: समाधानकारक.

"इथं तुमच्या सह्या पाहिजेत," डॉक्टर म्हणाले.

"अन् जुनं रजिस्टर, सर?"

"ते सापडत नाहीये." मग ते म्हणाले, "मरण औषधाच्या रिॲक्शननं आलं असं आपण म्हणतोय. तसं होऊही शकतं. माझं करिअर जाईल, सिस्टरचं जाईल, तुमचंही जाईल. ती बाई तर काही परत येत नाही."

"मले उद्यापर्यंत टाइम द्या," इंदुताई म्हणाल्या.

घरी सोमाजीनं सगळं ऐकून घेतलं. ड्यूटीवरून आला होता, अजून खाकी कपड्यांतच होता.

"सही करून टाक वो," तो म्हणाला. "सहा वर्षं राह्यली तुही नोकरी. मोठ्या लोकायच्या भांडणात आपलाच पाय मोडते."

"भांडण कोणाशी हाय? मले फक्त खोटं लिवा लागून राह्यलं."

"सारेच लिवतात."

"दर पुनवेले विहारात बसून पंचशील मीच सांगतो ना बायाले? खोटं बोलू नये हे चौथं शील आलं का तोंड कुठी लपवू?"

हर्षा सुट्टीवर आली होती. ती म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी मी याच खात्यात अर्ज करणार आहे." ती एवढंच बोलली आणि आपल्याच बोलण्याची लाज वाटून रडू लागली. इंदुताईंनी तिला जवळ घेतलं नाही. त्या उठल्या आणि पेटीतून वह्या काढायला लागल्या.

समितीत तीन जण होते. मधल्या बाई मोठ्या अधिकारी. इन्चार्ज सिस्टरला विचारलं, तिनं मान वर न करता "मला आठवत नाही" म्हणून सांगितलं. मग इंदुताईंची पाळी आली. नव्या रजिस्टरावर सही का नाही, असं विचारल्यावर त्यांनी पिशवीतून वह्या काढून टेबलावर ठेवल्या. अधिकारी बाईंनी शेवटची वही उघडली. पानंच्या पानं काळ्या रेघा. मग सप्टेंबरपासून इथल्या मशीनच्या करड्या, बाहेरून करून आणलेल्या ड्रमच्या काळ्या. मग शिबिराची तारीख. त्यांनी त्या पानावर बोट ठेवलं.

"याच्यावर शिक्का नाही. कोणाची सही नाही."

"नाई जी. पण पट्टी खोटी नाई."

"म्हणजे साधनं निर्जंतुक झाली नाहीत, हे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?"

"हो. मी सरले दोनदा सांगतलं. त्याच्या आधी तीनदा सिस्टरकडून रजिस्टरात लिवून घेतलं होतं."

"ते रजिस्टर उपलब्ध नाही. मी तुमच्याबद्दल विचारते आहे. माहीत होतं, तरी ड्रम तुम्ही आत दिलात?"

कोपऱ्यात बसलेल्या बाबूची बोटं की-बोर्डवर थांबली होती. मला द्यायला लावला, असं इंदुताईंना म्हणता आलं असतं. पण ड्रम उचलला होता तो त्यांच्याच हातांनी.

"हो," त्या म्हणाल्या. "देल्लो मी."

बाबूनं ते टाइप केलं. त्या दिवशी सगळ्या दवाखान्यात आपली चूक कबूल करणारं तेवढंच एक माणूस निघालं, आणि कागदावर दोषीही तेवढंच राहिलं. आठवड्याभरात निलंबनाचा आदेश आला. डॉ. वासेकरांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. ते जाताना दवाखान्यात हार-नारळ झाला. फेब्रुवारीत नवं मशीन आलं.

निलंबनात बसून असताना एक दिवस इंदुताई सुकरीला घेऊन येरमेटोल्याला गेल्या. एस.टी.नं फाट्यापर्यंत आणि पुढं पायी. सोमारीचा नवरा इसरू अंगणात बांबू चिरत बसला होता. धाकटं पोर त्याच्या पाठीला लोंबकळत होतं. "जोहार बाई," म्हणून त्यानं खाट टाकली. त्याच्या म्हाताऱ्या आईनं पाणी आणून दिलं. इंदुताईंनी पाण्याला हात लावायच्या आधी सगळं सांगून टाकलं. मशीन, रबर, पट्टी, डॉक्टर, समिती. इसरूचा कोयता मध्येच थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"तुमी डॉक्टरले सांगतलं?" त्यानं विचारलं.

"दोनदा."

"सिस्टरले?"

"हो."

"साहेब लोकायले?"

"त्यायलेही सांगतलं. समदं सांगतलं, भाऊ."

इसरूनं कोयता खाली ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. "मंग तिले काऊन नाई सांगतलं? ते तं तुमच्यासमोरच बसून होती."

दवाखान्यात ज्याला ज्याला सांगायचं असतं, त्या सगळ्यांना इंदुताईंनी सांगितलं होतं. जिच्या पोटाला सुरी लागायची होती, तिला सांगावं हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. चोवीस वर्षांत तसं कोणी केल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. तिची टोपी नीट करताना त्यांचं तोंड तिच्या कानाजवळ होतं, आणि मशीन बिघडलेलं आहे हे तेव्हाही त्यांना माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. सोमारी उठून घरी गेली असती.

त्या तिथंच खाटेवर बसून रडल्या. म्हातारी त्यांच्या शेजारी येऊन बसली. येताना सुकरी फाट्यापर्यंत सोबत आली. बस दिसली तेव्हा ती म्हणाली, "ताई, आता मी बायाले दवाखान्यात चाला म्हणतो तं माह्यंच तोंड अडते."

चौदा महिन्यांनी इंदुताईंना कामावर घेतलं, ते थेट खाली सिरोंच्याकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. घरापासून सहा-सात तासांची बस. तिथल्या बाया तेलुगू बोलत, त्यांना अक्का म्हणत. साधनांना हात लावायचा नाही, नुसती झाडझूड, अशी त्यांच्याबाबत तोंडी सूचना होती. झाडू मारता मारता त्या बाकावरच्या बाईजवळ थांबायच्या आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या खुणांनी सांगायच्या: सुई नवी फोडली का, पाहून घे. औषध फ्रीजमधून काढलं का, विचार. विचारायला घाबरू नको. नर्सबाईंनी दोनदा तक्रार केली. एकदा एक बाई ऐकून खरंच उठून निघून गेली, आणि इंदुताईंना बोलणी बसली.

अंतिम आदेश आला तो दोन वर्षांनी, चार पानी. हर्षा तोवर कंत्राटी नर्स झाली होती. घरी आली असताना तिनं तो आईला वाचून दाखवला. परिचरावर निष्काळजीपणाचा ठपका, सेवापुस्तकात नोंद. उर्वरित कर्मचाऱ्यांविरुद्ध पुरावा आढळून येत नाही. प्रकरण बंद.

"अन् तिचं नाव?" इंदुताईंनी विचारलं.

"कोणाचं?"

"सोमारीचं."

हर्षानं चारही पानं पुन्हा चाळली. "नाव नाही आई. सदर लाभार्थी असं लिहिलंय. सगळीकडं तसंच."

इंदुताईंनी ठपक्याबद्दल काहीच विचारलं नाही. तो आपल्यावरच येणार हे त्यांनी पहिल्या कागदापासून धरूनच ठेवलं होतं. त्या हर्षाला म्हणाल्या, "कागद घे. हा आदेश काढला त्या साहेबाले पत्र लिव."

"काय लिहू?"

"पयले नाव. सोमारी इसरू मडावी. वय सत्तावीस, राहणार येरमेटोला. तीन लेकरं. मंग लिव का मशीन बिघडलं होतं अन् हे तिले कोणीच सांगतलं नाई. मीही नाई सांगतलं."

हर्षानं लिहिलं. इंदुताईंनी खाली आपली सही केली, मोठ्या, गोल अक्षरांत. सोमाजीनं पत्र तालुक्याच्या पोस्टातून रजिस्टर केलं आणि पोच जपून ठेवली. त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. उत्तर अजून आलेलं नाही.