माझ्यासाठी ठेवलेला जोडा

डोळे उघडले तर नाकावर जोडा. जुना, फाटका, पुरुषाचा. त्याच्या भोकांतून सुतळी ओवलेली, सुतळी काठीला बांधलेली, आणि काठीचं दुसरं टोक मोठ्या गुरुजींच्या हातात. ते लांब उभे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा. मागं सगळा वर्ग भिंतीला चिकटून. कोणीतरी ओरडलं, "उठली, उठली!"

परकर भिजलेला. हनुवटीवर लाळ. जीभ दाताखाली सापडलेली, तोंडात रक्ताची चव. हैदराबादच्या जामबागेतल्या मराठी शाळेत मी तेव्हा सातवीत होते.

गुरुजी म्हणाले, "झालं का तुझं? जोडा खुंटीला टांग. पाणी आण आणि जागा पुसून काढ."

टांगला. पाणी आणलं. पुसलं. पाय लटलटत होते, फरशी डोळ्यांपुढं फिरत होती, तरी पुसलं. मला शुद्ध आली की लगेच त्यांच्या फरशीची शुद्धी करायची, असा नेमच होता.

फेफरं म्हणतात त्याला. कोणी मिरगी म्हणतं. हैदराबादेत दौरा म्हणतात. नाव काहीही द्या, मी मधल्यामधे नाहीशी व्हायची. आत्ता बाकावर होते आणि आत्ता जमिनीवर, मधलं सगळं पुसलेलं. तेवढ्या वेळात माझ्या अंगाचं काय झालं, लोकांनी काय केलं, ते दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघून ओळखायचं. कोण हसतंय, कोण तोंड फिरवतंय, कोण भ्यालंय. इतरांचा अपमान होतो तेव्हा ते निदान हजर असतात. मी हजरही नसायची.

जोडा हुंगवला की फेफरं उतरतं, असं तेव्हा सगळेच मानायचे. माझी आईसुद्धा. ती घरी बाची चप्पल नाकाला लावायची. तिचा राग नाही मला. पण वर्गात पहिल्यांदा पडले तेव्हा घाईघाईत कोणीतरी दाराबाहेरची चप्पल उचलली आणि माझ्या नाकाशी धरली. ती निघाली कुसुमची. कुसुम म्हणजे हिमायतनगरच्या एका वकिलाची मुलगी, आमच्याच वर्गातली. दुसऱ्या दिवशी तिची आई टांग्यातून शाळेत हजर. "नवी कोरी चप्पल हिच्या तोंडाला लावलीत. आता माझ्या मुलीनं ती पायात कशी घालायची?"

ऐकलंत? पायातली चप्पल बाटली. माझ्या तोंडानं बाटली!

गुरुजींनी मग तोड काढली. कुठून तरी टाकून दिलेला जोडा पैदा केला, त्याला सुतळी बांधली आणि वर्गाबाहेर खुंटीला टांगून ठेवला. आमच्या गावाकडं आम्हा महारांसाठी चहाची वेगळी कपबशी असायची. इथं शहरात माझ्यासाठी वेगळा जोडा. पोरी मला नावानं हाक मारेनाशा झाल्या. "ए जोडा" म्हणायच्या. आणि मी ओ द्यायची. काय करणार? मला शाळा पाहिजे होती.

ते हैदराबाद राज्याच्या वाटणीचे दिवस होते. तेलंगण इकडं, मराठवाडा तिकडं, कन्नड मुलूख तिसरीकडं. मराठी घरं बिऱ्हाड बांधून नांदेड-औरंगाबादकडं निघाली होती. वर्गात बाकं रिकामी पडत होती. रोज प्रार्थना झाली की मोठे गुरुजी खाकरून सांगायचे, "मुलांनो, आपण सारे मराठी. या परक्या मुलखात आपण एका आईची लेकरं आहोत." मी रांगेत शेवटी. एका लेकराला काठीनं जोडा हुंगवता आणि वर आई एक म्हणता? हे आज सुचतं. तेव्हा मीही हात जोडून उभी असायची.

बा कचेरीत चपराशी होता. त्याच सुमाराला आमच्या वस्तीनं बुद्धाची वाट धरली. बानं घरातले देव मुसी नदीत सोडून दिले. आणि मग एक दिवस मी चुलीपाशी पडले. हात पोळला. आईनं ऊर बडवून घेतला. "देव कोपले गं माय! माझ्या लेकीवरच कोपले!"

बानं माझ्या पोळलेल्या हातावर पाणी ओतलं. मग म्हणाला, "देव घरात व्हते तवाबी पडतच व्हती की. आता दवाखाना बघू."

सरकारी दवाखान्यात एक मुसलमान डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून डोळ्यांत बॅटरी मारली. दोन्ही हातांत धरलं. घराबाहेरच्या माणसानं मला असं कधी धरलं नव्हतं. मला तिथंच रडू फुटलं. बाई बाला म्हणाल्या, "भूत नै, परेत नै. भेजे की बीमारी है ये. भेजे में बिजली कड़कती, तो बदन झटके खाता."

बानं भीत भीत विचारलं, "और जूता?"

"जूता-वूता कुछ नक्को. दौरा अपने आप उतरता. बस करवट पे लिटाओ. चित पड़ी रही तो उल्टी गले में जाती, दम घुट के बच्ची मर जाती."

करवट पे. म्हणजे कुशीवर. बाईंनी गोळ्याही दिल्या. गोळ्यांनी दिवसभर पेंग यायची, दौरे कमी झाले, पण गेले नाहीत. जीव वाचवायचा तर मी पडल्यावर कोणीतरी खांद्याला धरून मला वळवायला पाहिजे होतं. एवढंच. त्याला ना पैसा लागत होता, ना विद्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहिले. "गुरुजी, जोडा नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला कुशीवर वळवायचं."

गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "वळवायचं? कोणी?"

मी वर्गाकडं बघितलं. सगळ्यांनी पुस्तकात तोंडं खुपसली. कुसुमनंही.

"मुलं आंघोळी करून येतात," गुरुजी म्हणाले. "बस खाली."

तेव्हा कुठं मला लख्ख कळलं. या शाळेत जोडा का चालतो? जोडा काठीनं धरता येतो. माणूस काठीनं वळवता येत नाही.

पुढं थोड्याच दिवसांत मधल्या सुट्टीनंतर पडले. पोटात भाकरी होती. सगळ्यांनी मला तशीच उताणी राहू दिलं. शुद्ध आली ती गुदमरतच. नाकात, घशात आंबट भाकरी, श्वास आत जाईना. ओरडायला जावं तर आवाज नाही. कशीबशी मीच पालथी झाले, ओकले, खोकले, गुरासारखी धापा टाकत राहिले. डोक्यावर जोडा लोंबतच होता. मी मरत होते हो! भरल्या वर्गात मरत होते, आणि एक हात पुढं आला नाही.

"टांग तो," गुरुजी म्हणाले.

"नाही टांगणार."

"काय म्हणालीस?"

"टांगणार नाही. पुसणारबी नाही."

मी सुतळीला हिसडा दिला. ती तुटली. जोडा खिडकीतून बाहेर भिरकावला. मग जाऊन बाकावर बसले.

गुरुजींनी बाला बोलावून घेतलं. बा खाकी कपड्यांत तसाच आला. फेफरं हा शब्द त्याला गुरुजींपुढं गावंढळ वाटला असावा. त्यानं आपल्या कचेरीतला अदबीचा शब्द काढला. हात जोडून म्हणाला, "जी, पोरीला दौरा येतो. माफी करा."

"दौरा?" गुरुजी वर्गाकडं वळले. "अरे, दौरा कलेक्टरचा असतो. तुझी मुलगी कुठल्या जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघते?"

वर्ग खिदळला. गुरुजींचा जन्म हैदराबादेतला. दौरा म्हणजे काय ते त्यांना बाइतकंच ठाऊक होतं.

आणि बा हसला. हात जोडलेले तसेच, आणि हसला. साहेब हसले की हसायचं, ही त्याची नोकरीतली सवय. मला ते बघवेना. माझ्या नाकाला जोडा लागायचा तेव्हा मी शुद्धीत नसायची. बा शुद्धीत होता.

"बा, हसू नको."

मी एवढंच बोलले. बाचं तोंड एकदम पांढरं पडलं. गुरुजी लालबुंद. म्हणाले, "माफी माग. नाहीतर नाव काढतो."

मी माफी मागितली नाही. त्यांनी नाव काढलं नाही. पोरं कमी झाली तर वर्ग बंद पडणार होता. पटावर त्यांना माझं डोकं हवं होतं, हात तेवढा लावायचा नव्हता.

घरी जाताना बा पुढं, मी मागं. गल्लीच्या तोंडाशी थांबला. "उद्या जाशील?"

"जाईन."

"अन् पडलीस तर?" "कुणी हात लावणार न्हाई गं लेकरा."

खरंच होतं ते. आजार माझ्या हातात नव्हता. माणसंही नव्हती. पण एक होतं. पडायच्या आधी मला एक जळका वास येतो. कुठं काही जळत नसतं, पण येतो. चार श्वास घेईपर्यंतच. तेवढाच वेळ माझा.

"वास आला की माझी मीच कुशीवर निजीन," मी म्हणाले. "कोपऱ्यात नाही. वर्गाच्या मधोमध. मेले तर त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मरेन. नाही मेले तर उठून बाकावर बसेन. पण बा, त्या शाळेतून मी माझ्या पायानं बाहेर पडणार नाही."