शेजारणीची परडी

हे मी घरातही कधी बोललो नाही. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तेव्हा मी पहाटे अंबाझरी तलावाकाठी चालायला जाई. शेजारची सून फुलांची परडी घेऊन धुक्यातून झपझप पुढे निघून जाई. पदर खोचलेला, ओठांत गुणगुण. वाटेत कण्हेर बहरलेली असली तरी तिचं लक्ष नसे. परतताना कुठलीतरी मूठभर तगर तोडी. आमच्या गल्लीत बाईमाणसाने नुसतं चालायला जाण्याची रीत नव्हती. हातात परडी होती, म्हणून तिला कोणी विचारत नसे. मला हे कळलं होतं. तिला पाहताना मलाही पाण्यावरून तरंगत गेल्यासारखं हलकं वाटे.

"काय गा, बाई तुले मागं टाकून राहिली!" सोबतचा मित्र रोज हसे. एक दिवस ते मला झोंबलं. मी तिच्या सासूला म्हणालो, "काकू, आमच्या अंगणात ढीगभर फुलं पडतात. रोज पाठवत जाईन."

सासू हरखली. सुनेला म्हणाली, "आता फुलं घरीच येऊन राहिली, मंग काहून जातं वं बाहेर?"

सून माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "उपकार झाले, भाऊजी."

आता पहाटे ती त्यांच्या अंगणातच दारापासून विहिरीपर्यंत येरझारा घालते. सासू बाहेर आली की झाडू उचलते.

फुलं मी अजून पाठवतो. ती कशासाठी पाठवू लागलो, हे त्या दोघींना सांगायचं देणं माझ्यावर अजून आहे.